एचआयव्ही, स्त्रियांच्या गरजा आणि सरकारचे उत्तरदायित्व : नागपूरकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारला जाब विचारायचा म्हणजे नेमके काय करायचे?

सरकारने जे लेखी कबूल केले आहे ते कोणत्या तारखेपर्यंत, किती पैशात आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर होणार आहे, हे विचारायचे. उत्तर लेखी घ्यायचे. आणि ठरलेली तारीख उलटली की तेच उत्तर हातात घेऊन पुन्हा त्याच टेबलासमोर उभे राहायचे. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनी निघणाऱ्या प्रभातफेऱ्या आवश्यक आहेत, परंतु त्यांच्यामुळे कोणत्याही अधिकाऱ्याला उत्तर देणे भाग पडत नाही. निवेदन देऊन पोचपावतीवर समाधान मानण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तिच्यामुळे या विषयाचे फार नुकसान झाले आहे.

एचआयव्ही सगळ्यांना सारखाच होतो. मग स्त्रियांच्या गरजा वेगळ्या का मोजायच्या?

विषाणू सारखा असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट आणि उपचारापर्यंत जाणारी वाट सारखी नसते. जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया व मुली आहेत. भारतात एकूण संख्या सुमारे २५ लाख असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि राज्यनिहाय पाहिले तर सर्वाधिक बाधित व्यक्ती महाराष्ट्रात आहेत.

आपला राष्ट्रीय कार्यक्रम ज्या प्रकारे रचला गेला, त्यात स्त्री मुख्यतः दोन दारांतून आत येते : एक तर ती गरोदर असते, नाही तर ती देहविक्रय करणारी म्हणून नोंदलेली असते. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी स्वतंत्र उपक्रम आहेत, आणि राष्ट्रीय महामार्गांच्या चौफुलीवर वसलेल्या नागपूरला त्यांची गरजही आहे. परंतु त्या ट्रकचालकाची घरी असलेली पत्नी कोणत्याही जोखीमगटात बसत नाही. नवरा आजारी पडेपर्यंत, किंवा ती स्वतः गरोदर राहीपर्यंत, तिला कोणी चाचणीविषयी विचारत नाही. पन्नाशीतली विधवा, मूल न झालेली किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली स्त्री, अविवाहित तरुणी या सगळ्या या दोन दारांच्या बाहेर राहतात. म्हणून जिल्ह्याची आकडेवारी लिंग आणि वय यांनुसार वेगवेगळी मागणे हे उत्तरदायित्वाचे पहिले काम ठरते, कारण जी स्त्री आकड्यात दिसत नाही तिच्यासाठी तरतूदही होत नाही.

भारत सरकारने याविषयी नेमके काय कबूल केले आहे?

स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये स्वीकारला आणि भारताने १९९३ मध्ये त्यास मान्यता दिली. या कराराच्या समितीने १९९० मध्येच, आपल्या १५ व्या सर्वसाधारण शिफारशीत, एड्सविषयक कार्यक्रमांमध्ये स्त्रियांच्या हक्कांकडे आणि गरजांकडे विशेष लक्ष देण्यास सदस्य देशांना सांगितले होते. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने एचआयव्हीसाठी खास अधिवेशन घेऊन प्रतिज्ञापत्र काढले. त्यानंतर २००६, २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये राजकीय जाहीरनामे झाले. २०२१ च्या जाहीरनाम्यात २०२५ पर्यंत गाठायची जी उद्दिष्टे होती, त्यांत लिंगाधारित विषमता आणि हिंसा सोसावी लागणाऱ्या स्त्रिया, मुली आणि बाधित व्यक्ती यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट होते. ती मुदत संपली आहे. आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण मोजले गेले का, मोजले असल्यास कोणी आणि कसे, हा प्रश्न आता नि:संकोच विचारता येतो.

देशांतर्गत बाजूने पाहिले तर सर्वांत भक्कम आधार म्हणजे एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यावरून तहसीलदाराला जाब विचारता येत नाही. या कायद्यावरून विचारता येतो.

या कायद्याने बाधित स्त्रीला काय दिले आहे?

तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तिची एचआयव्ही चाचणी करता येत नाही, आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन देणे बंधनकारक आहे. गरोदर बाधित स्त्रीवर तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय गर्भपात किंवा नसबंदी लादता येत नाही. सामायिक घरात राहण्याचा आणि तिथल्या सोयी वापरण्याचा हक्क तिला आहे. नवरा गेल्यानंतर सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या अनेकींसाठी हे कलम औषधाइतकेच मोलाचे आहे. पोटगीचा अर्ज असेल, तर न्यायालयाने तिची एचआयव्ही स्थिती आणि उपचारांचा खर्च विचारात घ्यायचा आहे.

एका तरतुदीकडे मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांचेही दुर्लक्ष होताना दिसते. बाधित व्यक्तीची स्थिती तिच्या जोडीदाराला सांगण्याची मुभा डॉक्टर किंवा समुपदेशकाला काही अटींवर आहे, परंतु तसे सांगितल्याने मारहाण होईल, तिला टाकून दिले जाईल किंवा तिच्या प्रकृतीवर गंभीर परिणाम होईल अशी वाजवी भीती असेल, तर, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, त्यांनी सांगू नये, असे कायदा स्पष्टपणे म्हणतो. रुग्णालयाच्या फलकावर हे कलम मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असावे, अशी मागणी करण्यास एक रुपयाही लागत नाही.

कायद्यातली कमतरताही सांगितली पाहिजे. निदान, एआरटी औषधे (विषाणू आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या) आणि संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती घटल्यावर होणाऱ्या, आजारांवरचे उपचार ‘शक्य तितके’ पुरवावेत असा शब्दप्रयोग त्यात राहिला, आणि विधेयकाच्या वेळी बाधितांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता. तो विरोध योग्य होता, असे आमचे मत आहे.

गरोदर स्त्रियांची तर सगळीकडे तपासणी होते. मग तिथे काय अडचण आहे?

चाचणी होते, हे खरे आहे आणि ते मोठे यश आहे. काहीच उपाय केला नाही, तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर एआरटी मिळाली आणि बाळाला प्रतिबंधक औषध दिले, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. त्यासाठी बाळाची सहाव्या आठवड्यातली पहिली चाचणी आणि अठराव्या महिन्यातली निर्णायक चाचणी चुकता कामा नये.

अडचण सुरू होते ती आपल्या घरांच्या रीतीतून. पहिले बाळंतपण माहेरी होते. नागपुरात नाव नोंदवलेली स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात गोंदिया, बालाघाट किंवा छिंदवाड्याला जाते. राज्याची हद्द ओलांडली की यंत्रणाही बदलते. माहेरच्यांना तिने काही सांगितलेले नसते, त्यामुळे तिथल्या रुग्णालयात कागद दाखवणे तिला शक्य होत नाही, आणि औषधाची बाटली सुद्धा लपवूनच न्यावी लागते. नंतर तिच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ अशी नोंद होते. ही चूक तिची धरली जाते. वास्तविक दोन राज्यांच्या संस्थांमध्ये गोपनीयता राखून माहिती पुढे देण्याची व्यवस्था चालवणे हे सरकारचे काम आहे. म्हणून विचारायचा आकडा ‘किती गरोदर स्त्रियांची चाचणी झाली’ एवढाच नाही. बाधित आढळलेल्या किती मातांच्या बाळांची अठराव्या महिन्यातली चाचणी पूर्ण झाली, आणि बाळंतपणानंतर एका वर्षाने किती माता स्वतःचे उपचार घेत आहेत, हे विचारले पाहिजे. बाळ सुरक्षित जन्मले की आईचा विषय संपला, अशी समजूत या कार्यक्रमात खोलवर रुजलेली आहे आणि ती अन्यायकारक आहे.

डागा रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) बाळंतपणाच्या वेळी वेगळी वागणूक मिळाली, तर काय करावे?

रुग्णालय कोणतेही असो, सरकारी वा खासगी, नियम एकच आहे : एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणे किंवा वेगळी वागणूक देणे हा कायद्याने प्रतिबंधित भेदभाव आहे. खाटेवर किंवा केसपेपरच्या दर्शनी भागावर खूण करून स्थिती उघड करणे हा गोपनीयतेचा भंग आहे. वीस किंवा त्याहून अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. इतर आस्थापनांसाठी ही मर्यादा शंभर आहे. या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी.

आरोग्यसेवा नाकारल्याची तक्रार राज्य शासनाने नेमायच्या लोकपालाकडेही करता येते. हा लोकपाल याच कायद्याखालचा असून भ्रष्टाचारविरोधी लोकपालाशी त्याचा संबंध नाही. त्याने तीस दिवसांत, आणि वैद्यकीय तातडी असेल तर चोवीस तासांत आदेश द्यायचा असतो. आदेश पाळला नाही, तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि उल्लंघन चालू राहिल्यास दररोज पाच हजारांपर्यंत वाढीव दंड होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी किती तक्रारी आल्या आणि काय आदेश झाले, याचा अहवाल त्याने प्रसिद्ध करायचा असतो. हे अहवाल मागा, आणि त्यांत विदर्भातल्या तक्रारी किती व स्त्रियांच्या किती, तेही पाहा.

एआरटीशिवाय बाधित स्त्रीला आरोग्याच्या दृष्टीने आणखी काय लागते?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, हे सर्वांत दुर्लक्षित उत्तर आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा सुमारे सहापट असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची तपासणी तिसाव्या वर्षाऐवजी पंचविसाव्या वर्षापासून सुरू करण्याची आणि ती दर तीन ते पाच वर्षांनी करण्याची शिफारस केली आहे. एआरटी केंद्रात ती दर महिन्या-दोन महिन्यांनी येतच असते. त्याच दिवशी, त्याच आवारात ही तपासणी व्हावी, यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन विभागांनी एकमेकांशी बोलणे लागते. गोळ्यांनी विषाणू आटोक्यात असलेली स्त्री टाळता येण्यासारख्या कर्करोगाने दगावते, तेव्हा तिच्या मृत्यूची जबाबदारी कोणत्याच विभागाच्या दप्तरात लिहिली जात नाही. जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रांमधील किती स्त्रियांची मागील वर्षात ही तपासणी झाली, हा एकच प्रश्न सातत्याने विचारला गेला तरी चित्र बदलू शकते.

त्याखेरीज व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाची, वर्षातून किमान एकदा तपासणी, गर्भनिरोधनाचा स्वतःच्या मर्जीचा पर्याय, मानसिक आरोग्यासाठी मदत आणि रजोनिवृत्तीच्या वयातली देखभाल या गरजा आहेतच.

लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्ही टाळण्याचे औषध मिळते का?

मिळते. ते जितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते व २८ दिवस घ्यावे लागते. अत्याचारग्रस्त स्त्रीवर मोफत उपचार करणे सरकारी व खासगी, दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. नरखेड किंवा भिवापूरच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता हे औषध उपलब्ध असते का, हे तपासणे हीच खरी परीक्षा आहे.

गंगाजमुना वस्तीतल्या स्त्रियांचा प्रश्न आरोग्य खात्याचा आहे की पोलिसांचा?

दोघांचा, आणि म्हणूनच तो अवघड आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी इतवारीतल्या या देहविक्रयाच्या वस्तीभोवती अडथळे उभे केले, तेव्हा बाजूने आणि विरोधात आंदोलने झाली. वस्तीविषयी कोणाचे मत काहीही असो. स्त्रिया विखुरल्या की निरोध पोहोचवणारी, चाचणीला घेऊन जाणारी आणि औषधाची आठवण करणारी कार्यकर्ती त्यांना गाठू शकत नाही, हे सर्वत्र अनुभवास आलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना सन्मानाने वागवण्यास पोलिसांना सांगितले आणि निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये असेही नमूद केले. त्यामुळे अशी कारवाई करण्यापूर्वी आरोग्य यंत्रणेशी चर्चा झाली होती का, उपचार घेणाऱ्या स्त्रियांसाठी पर्यायी व्यवस्था काय होती, हे गृह विभागाला विचारण्याचा पूर्ण अधिकार नागरिकांना आहे. तृतीयपंथी स्त्रियांच्या बाबतीतही हाच मुद्दा लागू होतो.

केंद्र राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य केंद्राकडे. जाब कोणाला विचारायचा?

धोरण आणि पैसा प्रामुख्याने केंद्राचा आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, औषधांची खरेदी आणि मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी सुमारे १५,४७१ कोटी रुपयांची तरतूद होती. अंमलबजावणी मुंबईच्या वडाळ्यात कार्यालय असलेली महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था करते आणि जिल्ह्यात जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक काम पाहते. लोकपालाची नेमणूक राज्याची. निवृत्तिवेतन व अनुदान सामाजिक न्याय विभागाचे, बालसंगोपन महिला व बालविकासाचे, रुग्णालये वैद्यकीय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य किंवा महानगरपालिकेची. एकच अर्ज सगळ्यांना पाठवला, तर तो सगळीकडून परत येतो. म्हणून प्रत्येक मागणी तिच्या मालकाकडे स्वतंत्र पाठवावी.

एक विनंती येथे करावीशी वाटते. समुपदेशक, परिचारिका, औषधनिर्माता यांच्यावर राग काढू नये. त्यांच्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षे कंत्राटावर, अपुऱ्या मानधनात काम करत आहेत आणि अनेक स्त्रिया उपचारांत टिकून आहेत त्या त्यांच्यामुळेच. समुपदेशकाची रिकामी जागा किती महिने रिकामी आहे, हा प्रश्न जागा भरणाऱ्याला विचारायचा असतो.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करावा?

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. माहिती का हवी, हे सांगण्याचे बंधन नाही, त्यामुळे स्वतःच्या प्रकृतीविषयी एक शब्दही लिहू नये. बाधित स्त्रीऐवजी तिच्या बाजूने उभ्या असलेल्या कोणीही नागरिकाने अर्ज केला तरी चालतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील करावे.

‘स्त्रियांसाठी काय केले?’ असे विचारले, तर शिबिरांची यादी येते. त्याऐवजी असे लिहावे : ‘मागील आर्थिक वर्षात नागपूर जिल्ह्यातील प्रत्येक एआरटी केंद्रात नोंदणी झालेल्या १५ ते २४, २५ ते ४९ आणि ५० वर्षांवरील स्त्रियांची संख्या, व वर्षअखेरीस उपचारांत असलेल्यांची संख्या द्यावी.’ कोणाचेही नाव मागू नये, आणि आकडा इतका लहान असेल की त्यावरून गावातली व्यक्ती ओळखू येईल, तर तो प्रसिद्धही करू नये.

औषधांचा साठा संपल्याचे सांगितले, तर?

एआरटीत खंड पडणे हा जिवाचा प्रश्न आहे. जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्यात आहे. तिचा आधार घेऊन साठ्याची स्थिती विचारावी आणि १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर त्याच दिवशी कळवावे. २०२२ च्या पावसाळ्यात औषधांच्या तुटवड्यामुळे बाधित व्यक्तींनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर कित्येक दिवस ठिय्या दिला आणि विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका महिन्याऐवजी पाच-दहा दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवणे हासुद्धा तुटवडाच आहे. त्यासाठी रामटेक किंवा काटोलहून वारंवार येणाऱ्या शेतमजूर स्त्रीला एसटीत अर्धे तिकीट मिळाले, तरी कापूस वेचणीच्या दिवसांतली मजुरी तिला कोणी भरून देत नाही.

विधवा आणि निराधार बाधित स्त्रियांसाठी योजना आहेत का?

आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधित व्यक्तींचा समावेश असून दरमहा १,५०० रुपये मिळतात. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात घर चालवणारे कुटुंब आज नागपुरात सापडणे कठीण असल्याने ही मर्यादा वाढवणे ही अत्यंत रास्त मागणी आहे. मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य आहे. अर्जासोबत एचआयव्हीचे प्रमाणपत्र तलाठ्यापासून सर्वांच्या हातून फिरते, ही खरी अडचण आहे. कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली असताना बंद पाकिटाची किंवा सांकेतिक क्रमांकाची पद्धत तहसील कार्यालयात का नाही, याचे उत्तर जिल्हाधिकाऱ्यांकडून लोकशाही दिनात मागता येते.

नाव उघड होऊ न देता न्यायालयात जाता येते का?

होय. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच एका बाधित कामगाराच्या खटल्यात खऱ्या नावाऐवजी अक्षरे वापरण्यास मुभा दिली होती. आता कायद्यातच ओळख गुप्त ठेवण्याची आणि प्रकरण प्राधान्याने निकाली काढण्याची तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ती पाळण्याचे निर्देश सर्व न्यायालयांना दिले आहेत. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्याच शहरात आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हिवाळी अधिवेशनाचा उपयोग कसा करून घ्यावा?

डिसेंबरात विधानभवन नागपुरात भरते, तेव्हा मंत्री आणि सचिव दोघेही आपल्या शहरात असतात. तथापि तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून आमदारांना भेटण्याचा काळ दिवाळीपूर्वीचा आहे. त्यांच्या हाती माहिती अधिकारातून मिळालेले आकडे आणि नेमका मसुदा द्यावा : लोकपालाकडे आलेल्या तक्रारी, समुपदेशकांच्या रिक्त जागा, कर्करोग तपासणीचे प्रमाण. सभागृहात मंत्र्यांनी आश्वासन दिले, तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे नोंदले जाते आणि पूर्ततेचा पाठपुरावा होतो. मोर्चासमोर दिलेल्या आश्वासनाची अशी कोणतीही नोंद राहत नाही. महिलांच्या हक्कांसाठीची विधिमंडळ समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते तेव्हाही एआरटी केंद्राला भेट देण्याचा आग्रह धरता येतो.

निर्णय घेणाऱ्या बैठकीत बाधित स्त्रियांना जागा असते का?

असायला हवी. बाधितांचा निर्णयप्रक्रियेत अधिकाधिक सहभाग असावा, हे तत्त्व १९९४ च्या पॅरिस परिषदेत मान्य झाले आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही ते स्वीकारले. प्रत्यक्षात एखाद्या स्त्रीला बोलावले जाते, तिच्याकडून अनुभव ऐकला जातो, आणि इतिवृत्तात तिचे म्हणणे येत नाही. ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्राने २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग केला. त्यात गावकऱ्यांनीच केंद्रांना गुण दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तरे दिली. तीच पद्धत एआरटी केंद्रांसाठी वापरता येईल, मात्र येथे जनसुनवाईत व्यक्तींना उभे न करता संघटनांच्या प्रतिनिधींनी एकत्रित अनुभव मांडावेत. जिल्हास्तरीय बैठकीची कार्यक्रमपत्रिका आठ दिवस आधी मराठीत मिळावी, येण्याजाण्याचा खर्च व बुडालेली मजुरी द्यावी, आणि मागील बैठकीत स्त्रियांनी मांडलेल्या मुद्द्यांवर काय झाले हा पहिला विषय असावा, एवढ्या तीन अटी जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने मान्य होऊ शकतात.